बोरन्हाणाचा संच: लाळेरी, काळी झबली आणि दोऱ्याचा हलवा

२ डिसेंबर २०२४, सोमवार

करायचं आहे ते असं: सहा लाळेरी, दोन काळी झबली (एक ८ महिन्यांच्या बाळाचं, एक १४ महिन्यांच्या) आणि एक टोपडं. संक्रांत १४ जानेवारीला, रथसप्तमी ४ फेब्रुवारीला. बोरन्हाणं तोवर चालतात, पण यातलं पहिलं संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी आहे. म्हणून १० जानेवारीला सगळं धुऊन, वाळवून, इस्त्री करून तयार हवं.

हलव्याचे खरे दागिने अंगावर घालायचे नाहीत, हे आधीच ठरलं. बाळ दाणा उपटतं आणि थेट तोंडात घालतं. घामाने साखर पाघळते आणि काळ्या कापडावर चिकट पांढरे डाग राहतात. शिवाय दागिना ओवलेला दोरा गळ्याभोवती असतो, ती भीती वेगळीच. त्यामुळे हार, बाजूबंद, कमरपट्टा सगळं कापडावरच, पांढऱ्या दोऱ्याच्या गाठींनी भरायचं. टिकल्या, आरसे, मणी, मोती यांतलं काहीही नाही. खेळण्यांच्या सुरक्षा-चाचणीत ३१.७ मि.मी. व्यासाचं छोटं नळकांडं वापरतात. त्यात मावेल अशी सुटी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायची नसते. टिकली आणि मणी तर त्यात मूठभर मावतात.

दुसरा नियम उलट बाजूचा. आतून ५ मि.मी.पेक्षा लांब मोकळा दोरा कुठेही सुटलेला नको. तान्ह्या बाळाचं बोट त्यात अडकून दोरा करकचला तर बोटाचा रक्तपुरवठा थांबतो, आणि बाळ का रडतंय ते कुणाला चटकन कळतही नाही. म्हणून प्रत्येक नग आधी उलटा करून तपासायचा, सुलट बाजू नंतर.

आणलेलं साहित्य: पांढरं मॅटी कापड (उभ्या-आडव्या धाग्यांची घरं मोजून भरता येतात असं) अर्धा मीटर, पांढरं पॉपलीन पाऊण मीटर, काळं कँब्रिक दीड मीटर, अस्तराला काळी मलमल एक मीटर, पांढरा टर्किश टॉवेल अर्धा मीटर. दोरा अँकरचा सहा पदरी, ८ मीटरची लड: पांढऱ्या तीन (एकाच लॉटच्या), हिरव्या दोन छटा, खाकी, तपकिरी, निळा. भरतकामाच्या सुया ९ आणि १० नंबर, मॅटीसाठी बोथट टोकाची २४ नंबर. लाकडी रिंग ५ इंची. आतल्या कड्याला मलमलीची पट्टी गुंडाळून घेतली, म्हणजे कापड सरकत नाही आणि वळही कमी पडतो.

३ डिसेंबर, मंगळवार

भरण्याआधी सगळं कापड धुतलं. प्रत्येक कापडावर ३० × ३० सें.मी. चौकोन आखून, कोमट पाण्यात साबणाने धुऊन, वाळवून, इस्त्री करून पुन्हा मोजला. पहिला आकडा लांबीचा (ताण्याच्या दिशेने), दुसरा रुंदीचा:

मॅटी २८.३ × २९.१
पॉपलीन २९.४ × २९.७
काळं कँब्रिक २९.१ × २९.६
टर्किश २८ × २९

टर्किश लांबीत जवळजवळ सात टक्के आटलं, पॉपलीन दोन टक्के. ही दोन्ही कोरी जोडली असती तर पहिल्या धुण्यात मागचं टर्किश आखडून पुढचं पॉपलीन फुग्यासारखं सुटलं असतं. बाजारातली बरीच लाळेरी महिन्याभरात चुरगळलेली दिसतात, त्याचं एक मोठं कारण हेच.

काळा रंग किती सुटतो ते पाहायला ५ सें.मी.चा तुकडा पांढऱ्या सुती तुकड्यात गुंडाळून गरम साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवला. पांढरा तुकडा राखाडी झाला. रंग बसावा म्हणून मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात बुडवायची पद्धत घरोघरी आहे, पण गिरणीत रंगवलेल्या सुती कापडाला तिचा उपयोग नाही. धाग्याला न चिकटलेला जादा रंग असतो तो, त्याला बाहेरच काढावा लागतो. हात घालवेल इतक्या गरम पाण्यात साबण घालून कापड खंगाळलं, पाणी बदललं, पुन्हा तेच. चौथ्या पाण्याला पांढरा तुकडा पांढरा राहिला. मलमलीला सहा पाणी लागली.

५ डिसेंबर, गुरुवार

लाळेऱ्याचा कागदी नमुना: २२ सें.मी. रुंद, २८ सें.मी. लांब. खालचे दोन कोपरे ८ सें.मी. व्यासाची वाटी ठेवून गोल केले. बंद केल्यावर गळ्याचा घेर ३३ सें.मी., आतलं बटण लावलं तर ३०. या वयात मान साधारण २३ ते २५ सें.मी. असते, त्यामुळे दोन बोटं सहज आत जातात.

गळ्याला नाडी नाही. नाडीची गाठ ओली झाली की सुटत नाही, आणि पाळण्याच्या गजात अडकली तर तुटत नाही. दाबबटण ओढलं की उघडतं. पारंपरिक लाळेऱ्याला बांधायचे बंद असतात हे खरं, पण ते बदलायलाच हवेत. टोपड्यालाही हनुवटीखाली गाठ न ठेवता बटणाची पट्टी.

सहा लाळेरी दोन प्रकारची. चार पॉपलीनची, मागे टर्किश. त्यांवर बोरन्हाणातला खाऊ: बोर, उसाचं कांडं, हरभऱ्याचा घाटा, भुईमुगाची शेंग. उरलेली दोन एकेरी मॅटीची, दोन्ही बाजू सारख्या दिसतील अशी कर्नाटकी कशिद्यात. एक बाजू ओली झाली की उलटून लावता येतात. ही फक्त लाळेपुरती. भरवताना टर्किशचीच हवीत, कारण एकेरी कापडातून वरण आरपार जातं.

७ डिसेंबर, शनिवार

नक्षी उतरवणं. पॉपलीनवर सोपं: काचेखाली दिवा ठेवून, पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाने. जांभळं, हवेने उडणारं पेन घेतलं नाही. दमट हवेत त्याची रेघ दोन-तीन तासांत जाते आणि अर्धं फूल भरून झाल्यावर उरलेलं कुठे होतं ते शोधत बसावं लागतं.

काळ्या कापडावर वेगळी तऱ्हा. दुकानातले छापणारे खाक्यावरून (नक्षी टोचलेल्या कागदावरून) रॉकेलमध्ये कालवलेली झिंक पावडर फिरवतात. रेघ छान उमटते, पण रॉकेलचा वास दोन धुण्यांनंतरही राहतो, म्हणून बाळाच्या कपड्याला ती नको. खाका तसाच केला, बटर पेपरवर नक्षी काढून २ मि.मी.च्या अंतराने सुईने टोचून. वरून मात्र कोरडी खडूची पूड कापसाच्या बोळ्याने थोपटली. कागद उचलल्यावर ठिपके दिसतात, पण फुंकर मारली तर उडतात. त्यामुळे लगेच अंगाच्या साबणाच्या झिजलेल्या पातळ वडीने ते जोडून घेतले. शिंप्यांची ही जुनी युक्ती मेणाच्या खडूपेक्षा बरी. मेणावर इस्त्री फिरली तर तेलकट डाग पडतो, साबण पाण्याने जातो.

९ डिसेंबर, सोमवार

मॅटीचं पहिलं लाळेरं. धारवाड-हुबळीकडच्या कशिद्यात चार टाके: गवंती, मुरगी, नेगी, मेंथी. त्यातले गवंती आणि मुरगी दोन्हीकडून सारखे दिसतात. गवंती म्हणजे सरळ धावदोरा घालत जायचं आणि परत येताना मोकळ्या जागा भरायच्या. मुरगी तोच, पण पायरीपायरीने जिन्यासारखा. मेंथीत फुल्या असतात, त्या उलट बाजूला वेगळ्या दिसतात, म्हणून वगळल्या.

नक्षी: तळाशी हंसांची रांग, मध्ये छोटं तुळशी वृंदावन. दोन पदर, निळा दोरा, एक टाका म्हणजे मॅटीचं एक घर.

या कामात गाठ चालत नाही. सुरुवातीला ८ सें.मी. शेपूट सोडायची, आणि परतीच्या वाटेवर तीच शेपूट सुईत ओवून त्याच रेघेतल्या चार-पाच टाक्यांखालून काढायची. शेवटही असाच.

अडतं ते वाट आखण्यात. जाताना वाटेत फांदी लागली (हंसाची चोच, पाय) की आधी फांदीच्या टोकापर्यंत जाऊन, तिथून परत मूळ रेघेवर यायचं, मग पुढे. फांदी राहून गेली आणि परतीच्या वाटेवरही सुटली, तर मग तिथे पोहोचायला रस्ताच नाही. दुसऱ्या हंसाच्या पायाशी हेच झालं; सतरा टाके उसवले. आता आलेखाच्या कागदावर वाट बाणांनी आखून, फांद्यांना क्रमांक देऊनच सुई धरायची.

रेघ नागमोडी दिसत असेल तर परतीचा टाका तपासावा. जुना टाका ज्या भोकात आहे त्याच भोकात सुई खुपसायची, पण प्रत्येक वेळी आत जाताना जुन्या दोऱ्याच्या वरून आणि बाहेर येताना खालून. कधी वर, कधी खाली केलं की रेघ करवतीसारखी होते. जुन्या टाक्याचा दोरा चिरला जाऊ नये म्हणूनच बोथट सुई.

१२ डिसेंबर, गुरुवार

पॉपलीनवरची बोरं. बोर १२ मि.मी. लांब. आरपार सॅटिन टाका घातला तर टाका १२ मि.मी.चा होतो, बाळाच्या नखात अडकतो आणि दोन धुण्यांत सैल पडतो. मर्यादा ७ मि.मी.ची. त्यामुळे बोर लांब-आखूड टाक्याने भरलं, खाली एक पदरी साखळी टाक्याचं अस्तर देऊन, म्हणजे पोट फुगीर दिसतं. पिकायला आलेलं बोर हवं होतं: वर पोपटी, मध्ये तपकिरी, एका गालाला लाल. प्रत्येकी दोन पदर.

पहिल्या बोराभोवती कापड गोळा झालं. रिंगमध्ये पॉपलीन उभं-आडवं ताणून बसवलं होतं, पण कोपऱ्यातून तिरकंही खेचलं गेलं होतं. रिंग काढल्यावर तिरका ताण सुटला आणि टाके तसेच राहिले. रिंग लावताना नेहमी आडव्या-उभ्या धाग्याच्याच दिशेने ओढायचं, तिरकं कधीच नाही. उसवलं, ओलं करून इस्त्री केली, पुन्हा भरलं.

ऊस: देठ टाक्याच्या चार समांतर रेघा, पेरापाशी दोन आडवे टाके. चटकन होतो आणि चांगला दिसतो. घाटा: काठाला देठ टाका, आत विरळ बी टाका, टोकाला वाकडी चोच, चोचीवाचून तो वाटाणा वाटतो. शेंगेला खाकी साखळी टाका, कमरेपाशी आवळलेला, वर तिरक्या जाळीचे एक पदरी टाके. जाळीच्या प्रत्येक छेदावर बारीक टाका मारून ती बांधून टाकली, नाहीतर तीच बोट अडकायची जागा.

१६ डिसेंबर, सोमवार

हलव्याच्या दाण्यासारखी गाठ (सुईला दोऱ्याचे वेढे देऊन घालायची) ठरवायला काळ्या कँब्रिकवर नमुने.

२ पदर, २ वेढे: खसखशीएवढी, काटा दिसत नाही.
३ पदर, २ वेढे: सुमारे २.५ मि.मी., गोल, घट्ट. हीच.
३ पदर, ३ वेढे: एका बाजूला कलते, ओढली तर सुटते.
६ पदर, २ वेढे: ४ मि.मी., खऱ्या हलव्याला सगळ्यात जवळची, पण उलट बाजूला ज्वारीच्या दाण्यासारखी टोचते.

हाराच्या पदकासाठी मधोमध फक्त सात गाठी ६ पदरी. बाकी सगळ्या ३ पदरी. लांबट दाण्यांना बुलियन (जास्त वेढ्यांची आडवी, लांबट गाठ), ५ वेढे. गाठी थोड्या लहानमोठ्या झाल्या तर सारख्या करायला जाऊ नये. खरा हलवाही परातीत हलवून पाकाचा काटा आणलेला असतो, दोन दाणे सारखे नसतात.

गाठ आत पडते ती सुई त्याच भोकात परत घातल्यामुळे. वर आली तिथून एक-दोन धागे सोडून आत घालायची आणि वेढे डाव्या हाताने ताणून धरायचे. वेढे मात्र सुईवर सैल सरकतील इतकेच, करकचून आवळले की सुई ओढता येत नाही आणि मग दोरा पिसतो.

१९ डिसेंबर, गुरुवार

दोऱ्याचा हिशेब. ३ पदरी एका गाठीला, पुढच्या गाठीपर्यंतच्या ६ मि.मी. अंतरासकट, मोजून ३ सें.मी. दोरा लागला. ८ मीटरची सहा पदरी लड म्हणजे ३ पदरी १६ मीटर. त्यात ५३० गाठी. सुरुवात-शेवट आणि सुईतलं उरलेलं टोक यांत १५ टक्के जातं, म्हणजे ४५० धरायच्या.

लहान झबलं: गळ्याचा पुढचा भाग २४ सें.मी., दोन ओळी, ८० गाठी, पदक २५, कमरपट्टा पुढे २७ सें.मी., तीन ओळी, १३५. बाजूबंद दोन्ही मिळून ४०. एकूण २८०. मोठ्याला ३१५. टोपड्याच्या मुकुटाला ९०. सगळ्या मिळून ६८५, म्हणजे दीड लड. तिसरी लड शिल्लक राहील, पण पांढऱ्याच्या दोन लॉटमध्ये पिवळसर-निळसर फरक असतो आणि काळ्यावर तो लगेच दिसतो, तेव्हा जास्त घेतलेलीच बरी.

दोन गाठींमधलं अंतर ६ मि.मी. म्हणजे आतून मोकळा दोराही तेवढाच, नियमापेक्षा १ मि.मी. जास्त. म्हणून प्रत्येक गाठीनंतर मागच्या बाजूला एक बारीक टाका कापडाचे दोन धागे उचलून घातला. त्यामुळे मोकळा भाग अर्धा होतो आणि एक गाठ तुटली तरी शेजारची उकलत नाही. वेग मंदावला, मिनिटाला दोन गाठी. एका झबल्याला अडीच तास धरावेत.

दोरा ४५ सें.मी.हून लांब ओवू नये. लांब दोरा काळ्या कापडातून पुन्हापुन्हा घासून राखाडी पडतो, आणि शेवटच्या गाठी पहिल्यांच्या शेजारी मळक्या दिसतात.

२३ डिसेंबर, सोमवार

गळ्याच्या ओळीत चूक सापडली. वरची ओळ कापलेल्या कडेपासून १५ मि.मी.वर आहे, त्यातले १० मि.मी. शिलाईत जाणार. उरतात ५, आणि मशीनचा पाय गाठींवर चढतो. शिलाई वाकडी होते, गाठी चपट्या होतात. लहान झबल्याला झिप लावायचा अर्धा पाय बसवून निभावलं. मोठ्याला वरची ओळ कडेपासून २२ मि.मी.वर घेतली.

मलमलीचं अस्तर आधी फक्त वरच्या भागाला, योकपुरतं द्यायचं होतं. झबलं उलटं करून मनगटाच्या आतल्या बाजूला घासून पाहिलं: कमरपट्ट्याच्या तीन ओळी खरखरतात. आता पूर्ण अस्तर, खालच्या घेरापर्यंत. शिलाया अस्तर आणि वरचं कापड यांच्या मध्ये जातात, अंगाला लागेल अशी एकही कड राहत नाही. उघडतं डाव्या खांद्यावर, दोन बटणांनी. पाठीवर बटण ठेवलं तर बाळ त्यावर झोपतं.

२७ डिसेंबर, शुक्रवार

चार लाळेऱ्यांना तिरकी पट्टी. ५० सें.मी.चा पॉपलीनचा चौकोन ४५ अंशांत कापून ४ सें.मी. रुंद पट्ट्या काढल्या. जोड जाऊन ५८० सें.मी. मिळाली. एका लाळेऱ्याला बाहेरून ८२, गळ्याला ३६, म्हणजे ११८. चारांना ४७२. पुरली. मॅटीच्या दोघांना पट्टी नाही. कड दोनदा ५ मि.मी. दुमडून काजाच्या टाक्याने बांधली.

टर्किशला भरतकामाची रिंग लावायची नाही, त्याच्या फेसाळ फासांवर वळ पडतो. दोन्ही थर जोडताना आधी धावदोऱ्याने मध्यापासून बाहेर असं कच्चं टाचलं. काठापासून टाचायला गेलं की मधे फुगवटा अडकतो.

बटणं प्लास्टिकची, २० नंबर, साधारण १२ मि.मी. व्यासाची. पहिलं बसलं नाही. गळपट्टीच्या टोकाशी पॉपलीन, टर्किश आणि पट्टीच्या घड्या मिळून जाडी इतकी झाली की बटणाचा खिळा पलीकडे पुरेसा निघेना. दाबल्यावर तो तिरका चेपला आणि बटण बोटाने उपटून आलं. बाळाच्या गळ्यापाशी अशी वस्तू नकोच. टोकाच्या २ सें.मी. भागातलं टर्किश कापून काढलं, त्या जागी पॉपलीनचा एक थर. आता खिळा गोल, सपाट चेपला जातो. प्रत्येक बटण वीस वेळा उघड-बंद करून, कापड पक्कडीत धरून ओढून पाहिलं.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

धुण्याची चाचणी, आणि दोन अपघात.

पहिला: उसाच्या लाळेऱ्यावर फिकट तपकिरी रेघा. निळ्या पेनाची खूण पाण्याने काढायच्या आधीच पट्टीच्या घडीवर इस्त्री फिरली होती. उष्णतेने ही शाई पक्की होते. आधी गार पाणी, साबण न लावता, खूण पूर्ण जाईपर्यंत, मगच साबण, इस्त्री सगळ्यात शेवटी. रेघा दोन पदरी देठ टाक्याने झाकता आल्या, उसाला एक पान वाढलं.

दुसरा: बोराच्या लाळेऱ्यावर लाल दोऱ्याभोवती गुलाबी छटा. बाकी दोरा तपासलेला होता, लाल लड मात्र ऐनवेळी सुटी आणलेली, छापील पट्टी नसलेली. ओलं लाळेरं घडी घालून अर्धा तास पडलं, तेवढ्यात रंग उतरला. वाळू न देता ताबडतोब मोठ्या बादलीत गार पाणी आणि भरपूर साबण. दोन-दोन तासांनी पाणी बदललं. घडी नाही, पिळणं नाही, कापड सुटं तरंगत ठेवायचं.

६ जानेवारी, सोमवार

गुलाबी छटा पाचव्या पाण्याला गेली. तरी लाल टाके उसवून तपासलेल्या लाल दोऱ्याने पुन्हा भरले. धुणाऱ्या घरी दर वेळी बादली घेऊन कोण बसणार? नव्या लालची चाचणी: ३० सें.मी. दोरा ओल्या पांढऱ्या कापडात दाबून वर गरम इस्त्री. डाग नाही.

काळी झबली धुतली, पांढऱ्या गाठी पांढऱ्याच राहिल्या. सावलीत, उलटी करून वाळवली. इस्त्री जाड टॉवेलवर, भरलेली बाजू खाली ठेवून, म्हणजे गाठी टॉवेलात रुततात आणि चपट्या होत नाहीत.

९ जानेवारी, गुरुवार

शेवटची तपासणी. सुया मोजल्या: दिल्या तेवढ्या परत. टाचण्या ४० दिल्या, ३९ आल्या. सगळ्या नगांवरून चुंबक फिरवला. चाळिसावी टोपड्याच्या अस्तरात, शिवणीच्या आत होती. शिवण २ सें.मी. उसवून काढली. प्रत्येक गाठ क्रोशाच्या सुईच्या टोकाने उचलून पाहिली. मोठ्या झबल्याच्या कमरपट्ट्यात चार सैल निघाल्या, पुन्हा घातल्या.

संचाबरोबर द्यायची चिठ्ठी: काळे कपडे वेगळे, गार पाण्यात. टर्किशच्या लाळेऱ्यांना कपडे मऊ करायचं द्रव्य घालू नये, त्याने टर्किश पाणी शोषेनासं होतं. लाळेरं गळ्यात असताना बाळाला झोपवू नये. बटण हललं किंवा गाठ सुटली तर तो नग बाजूला.

वेळ: मॅटीचं एक लाळेरं ७ तास, पॉपलीनचं ४ ते ५, लहान झबलं शिवणीसकट ६, मोठं ७, टोपडं ३. उरलेला पांढरा दोरा एक लड आणि थोडा. लॉट नंबरची पट्टी त्यालाच गुंडाळून ठेवली आहे.